काटा हलला पण नाही

जुन्या मालवाहू गाड्या घेणाऱ्यांना मी गाडी तपासून देतो. लोकांना वाटतं, हे काम म्हणजे गाडीखाली शिरून अंगाला ऑईल फासून घेणं. तेही असतं, पण निम्मं काम आदल्या रात्री फोनवर होतं: "उद्या मी येईपर्यंत गाडीला चावी लावू नका." विकणारा हो हो म्हणतो आणि सकाळी सहाला गाडी सुरू करून ठेवतो. गरम इंजिन पहिल्या झटक्यात लागतं, सकाळची खडखड ऐकू येत नाही, पहिला पांढरा धूर कधीच उडून गेलेला असतो. म्हणून मी बोनेट उघडण्याआधी त्यावर तळहात ठेवतो. कोमट लागलं की सरळ सांगतो, संध्याकाळी येतो, तोवर गार होऊ द्या.

एप्रिलमधल्या त्या सकाळी मुलुंडच्या पुढे एका यार्डात गेलो, तर पिकअप चक्क गार. टेम्परेचर गन लावली, इंजिन ३० अंश. गाडीचा कॉम्प्युटर काय तपमान धरतोय ते सांगणारा स्कॅनर लावला, २८. हवाही तेवढीच. एजंट हसून म्हणाला, "साहेब, करोनातली गन अजून सांभाळून ठेवलीय?" ती कपाळावरची गन वेगळी, ती चाळिशीच्या थोडं पुढे गेली की संपते. पण हा विनोद मला दर यार्डात ऐकावा लागतो, त्यामुळे मी आता समजावत बसत नाही.

गाडी बीएस-४, २०१८ची. घेणारे दोघे भाऊ ओतूरचे. भाजीपाला माळशेज उतरून मुरबाड-कल्याणमार्गे वाशी मार्केटला आणायचा, असा त्यांचा बेत. थोरला कागद बघत होता, धाकटा टायरला लाथ मारत होता. टायरला लाथ मारून नेमकं काय कळतं हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, पण गिऱ्हाईक म्हटलं की तो विधी होतोच. कागद चोख होते, फिटनेसही चालू. फिटनेसच्या तपासणीत ब्रेक, लाइट, धूर बघतात. इंजिन घाटात किती तापतं, हे कुणाच्या कागदावर नसतं.

इथे थोडं तपमानाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. अशा डिझेल पिकअपचं कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, नेहमीच्या धावण्यात साधारण ८५ ते १०० अंशांत राहायला हवं. लोड घेऊन चढ चढताना १०५ पर्यंत गेलं आणि उताराला लागताच खाली आलं, तरी मी काळजी करत नाही. ११० दिसलं की गाडी बाजूला घेतो. पाणी शंभरला उकळतं मग हे कसं, असं विचारणारे भेटतात. रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नसतं. ते आतला दाब साधारण एक बारने चढू देतं, त्यामुळे आतलं साधं पाणीसुद्धा १२०च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कुलंट योग्य प्रमाणात असेल तर त्याहूनही पुढे. म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडू नये. दाब सुटला की आतलं सगळं एकदम उकळून तोंडावर येतं.

आणि मीटरवरचा तपमानाचा काटा? बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. साधारण ८० पासून शंभरीच्या पुढेपर्यंत तो मधोमधच उभा राहतो. काटा दोन रेघा हलला की गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरला धावतं, म्हणून कंपन्यांनी केलेली ही सोय. काटा मध्ये आहे याचा अर्थ एवढाच की अजून बोंब झालेली नाही. मी आकडा बघतो, आणि आकड्यापेक्षाही तो कसा चढतो ते बघतो.

तर गाडी सुरू केली. पहिल्या झटक्यात लागली, धूर नाही, आवाज ठीक. मी डावा हात रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर ठेवला आणि उजव्या हातात स्कॅनर धरला. निरोगी इंजिनात हा पाइप बराच वेळ थंड राहतो. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह बंद असतो, पाणी आतल्या आतच फिरत असतं. ८२-८५च्या आसपास व्हॉल्व्ह उघडतो आणि मिनिटाभरात पाइपला हात लावून ठेवता येत नाही. व्हॉल्व्ह काढून टाकलेला असेल, तर पाइप पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो. आणि काढून टाकणारे भरपूर आहेत. "मुंबईत कुठे थंडी पडते, व्हॉल्व्ह हवाय कशाला" हे वाक्य मी शिकाऊ असल्यापासून ऐकतोय. इंजिन कायम गार चालतं, डिझेल जास्त खातं, आतून झिजतं, पण मेस्त्रीची एक डोकेदुखी कमी होते ना!

पाइप थंड, थंड, थंड. मग एकदम चटका. म्हणजे व्हॉल्व्ह जागेवर आहे आणि आत्ता उघडला. स्कॅनरवर बघितलं तर आकडा ६८.

व्हॉल्व्ह ६८ला उघडत नसतो. मी गाडी बंद करायला लावली, व्हॉल्व्हच्या अॅल्युमिनियमच्या डब्यावर काळी टेप चिकटवली आणि पुन्हा सुरू केली. टेप कशाला, तर चकचकीत धातूवर ही गन खोटं बोलते, कमी दाखवते. काळ्या टेपवर बरोबर येते. ही गोष्ट गन विकणारा सांगत नाही. हातात टॅब घेऊन शंभर खुणा करत फिरणारी तपासनीस पोरंही गन थेट धातूवर रोखतात आणि 'नॉर्मल' लिहून मोकळी होतात. टेपवर आकडा आला ८३. त्याच वेळी स्कॅनरवर ६९. बाहेरचा डबा आतल्या पाण्यापेक्षा फार तर दोन-चार अंश गारच असणार, चौदा अंशांनी गरम कसा असेल? म्हणजे गाडीला स्वतःचं तपमानच कळत नव्हतं.

एजंटला काही बोललो नाही. म्हटलं, फिरवून आणू. ऐरोलीवरून मुंब्रा बायपासचा चढ घेतला. गाडी रिकामी होती, म्हणून गिअर मुद्दाम खालचा ठेवून इंजिन पळवलं. वर पोचून थांबलो, बोनेट उघडलं. टेपवर १०५. स्कॅनरवर ८१. काटा बरोब्बर मधोमध. मागे बसलेला एजंट भावांना म्हणाला, "बघा, एवढा चढ चढली, काटा हलला पण नाही!" ते त्याने खरंच सांगितलं होतं.

यार्डात परत आल्यावर कुलंटचं तपमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर शोधत गेलो. हार्नेसवरची, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरची, कंपनीची टेप सात-आठ वर्षांच्या उष्णतेने कडक झालेली असते, नखाने तुकडे पडतात. सेन्सरपासून वीतभर अंतरावर एका ठिकाणी टेप मऊ आणि चिकट लागली. एजंटला विचारून सोडवली. आत तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा रेझिस्टन्स (विजेला अडवणारा तुकडा), तपकिरी-हिरवा-तपकिरी पट्ट्यांचा. १५० ओम. लॅमिंग्टन रोडला रुपया-दोन रुपयांना मिळतो.

तो जोडणाऱ्याला मी मनातल्या मनात दाद दिली. सोल्डरिंग असं की कंपनीने लाजावं, वरून उष्णतेने आवळणारी नळी, त्यावर टेप. आणि आकडा निवडलाय तोही विचार करून. कुलंटचा सेन्सर उलटा चालतो. ३० अंशांना त्याचा रोध सतराशे ओमच्या घरात, ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास, १०० ला जेमतेम १८५-१९०. सतराशेत दीडशे मिळवले तर कुणाला पत्ता लागत नाही, म्हणून सकाळी ३० आणि २८ आले. पण १८७ मध्ये दीडशे मिळवले की गाडी समजते आपण अजून ७९वर आहोत. खरे ११० झाले तरी ती ८३च सांगणार. म्हणजे धोका जितका वाढेल, तितकं हे खोटं मोठं होत जातं. स्कॅनरही फसतो, कारण तो बिचारा ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, विचारतो आणि ईसीयू सेन्सरला.

पंख्याचं काय, असं जाणकार विचारतील. विजेचा पंखा असता तर ही चोरी पहिल्याच ट्रॅफिकमध्ये उघडी पडली असती. गाडीला गरम वाटत नाही म्हणून पंखाच लागला नसता. या गाडीचा पंखा इंजिनावर फिरतो, विस्कस कपलिंगचा. त्याला ईसीयूची परवानगी लागत नाही.

वायर सरळ जोडली. स्कॅनर ७८वरून उडी मारून ९८वर गेला. तापलेल्या पोराला गोळी देऊन शाळेत पाठवावं, तशी ही गाडी किती दिवस भाड्यावर पाठवत होते कोण जाणे.

मूळ दुखणं मग पाच मिनिटांत सापडलं. रेडिएटरच्या जाळीवर गन फिरवली, तर वरचा कोपरा ९५ आणि खालचा उजवा भाग पन्नाशीत. तिथून पाणी वाहतच नव्हतं, नळ्या चोंदलेल्या. गार झाल्यावर झाकण उघडलं तर आत कुलंट नाही, बोअरचं वाटावं असं तांबूस पाणी. हेड गॅस्केटची (हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, गॅस्केट त्याखालचं सील) चाचणी घेतली. निळं द्रव भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरायची आणि वरची हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत असेल तर निळ्याचा रंग बदलतो. निळं निळंच राहिलं. ऑईलच्या झाकणाखालीही दुधासारखं, म्हणजे ऑईलमध्ये पाणी मिसळल्यासारखं, काही नव्हतं. (पावसाळ्यात असतं तरी मी तेवढ्यावर गाडी नापास करत नाही, मुंबईच्या दमट हवेत छोट्या फेऱ्यांनी तसंही जमतं.)

एजंट चिडला नाही. "आई शपथ, मला माहीत नव्हतं," म्हणाला, आणि मला ते पटलं. कारण गाडी विकायचीच म्हणून कुणी हे केलं असेल, तर इतकं टिकाऊ कशाला करेल? माझा अंदाज वेगळा आहे. अशा इंजिनात पाणी फार तापलं की ईसीयू स्वतःच डिझेल कमी करतो, इंजिन वाचावं म्हणून. चढावर गाडी मरते. ड्रायव्हर मालकाला सांगतो, घाटात ओढत नाही. मालक म्हणतो, मार्केटची वेळ चुकली तर माल कोण घेणार? रेडिएटर उतरवायचा तर गाडी दोन दिवस उभी, भाडं बुडालं. मग कुणीतरी हुशार इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात इलाज करून देतो. गाडी ओढायला लागते, सगळे खूश. त्यात फसवायचं कुणाला होतं? फक्त गाडीला. हा अंदाज खरा असेल तर मला राग नक्की कुणाचा यावा, हे अजून ठरत नाही.

थोरल्याने विचारलं, "भाऊ, घ्यावी का न्हाई, एका शब्दात सांगा." एका शब्दात सांगण्यासारखं काही नव्हतं. आज हेड शाबूत आहे. पण ही गाडी ११५ला किती वेळा जाऊन आली, हे कुठेच नोंदलेलं नाही, कारण नोंदणाऱ्यालाच अंधारात ठेवलं होतं. मी लिहून दिलं: रेडिएटरचा कोअर (नळ्यांची जाळी), थर्मोस्टॅट, सगळे होज नवे आणि कुलंट भरणं, एवढा खर्च धरून किंमत बसत असेल तरच, हेडची हमी मी देत नाही. धाकटा म्हणाला, "आमचा माल तर घाट उतरतो. चढताना गाडी रिकामीच असती." ते मला पटण्यासारखं होतं. एजंटने पाच लाखांवरून चाळीस हजार खाली घेतले आणि व्यवहार झाला.

रेडिएटरचं काम माझ्या डोळ्यांसमोर झालं. नव्या कोअरवर तोच बायपास चढवला, ९४वर आकडा थांबला. भावांना स्वस्तातला ब्लूटूथचा स्कॅनर घेऊन दिला, मोबाइलवर आकडा कसा बघायचा तेही दाखवलं.

मे महिन्यात थोरल्याचा फोन. गाडी माळशेज चढताना काटा एक रेघ वर जातो आणि धाकटा घाबरून गाडी थांबवतो, तासभर मोडतो. मी मोबाइलवरच्या आकड्याचा फोटो मागवला. १०३. भर दुपार, चढ, आणि फोटोत मागच्या काचेतून खताच्या गोण्या दिसत होत्या, रचून. म्हटलं, "चढताना रिकामी असते ना?"

"परतीचं भाडं मिळतंय तर सोडायचं का, भाऊ?"

सोडू नका, म्हणालो. १०३ या लोडला ठीक आहे, वर गेल्यावर खाली येतंय ना? येतंय. मग १०५ पर्यंत धाकट्याला बिनधास्त चालवू दे, ११० दिसलं तर थांबायचं आणि इंजिन एकदम बंद न करता जागेवर चालू ठेवायचं.

"ते त्याला तुम्हीच सांगा, माझं ऐकत न्हाई त्यो. त्यापरीस ते तुम्ही काढलेलं बारकं होतं ना, ते परत बसवून देता का? तवा काटा कसा गप राहायचा."

मी नाही म्हणालो. का नाही, तेही सगळं पुन्हा सांगितलं, सेन्सरपासून हेडपर्यंत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाला. "कल्याणला एखादा इलेक्ट्रिशियन हाय का वळखीचा?"