होंडा ४००ईएक्सला मोठा पिस्टन टाकताय? ४१६ का ४४०, माझं मत

इथे अमेरिकेत मिशिगनमध्ये क्वाड (चार चाकांची, मोटरसायकलसारखी हँडलवाली गाडी) चालवणारी आपली पोरं वाढत चाललीत आणि वाळूचा सीझन जवळ आला की कुणीतरी विचारतंच, दादा होंडाच्या ४००ईएक्स क्वाडला बिग बोअर किट (मोठा पिस्टन आणि त्याच्या रिंगा) टाकायचंय, ४१६ सीसीचं घेऊ का ४४० चं? फोनवर सांगायचं तर तास जातो म्हणून सगळं इथे लिहून ठेवतोय. माझं उत्तर आधीच सांगतो, ४१६ घ्या, आणि जे पैसे वाचतील ते सिलेंडरचं भोक मोठं करून देणाऱ्या चांगल्या बोअरिंगवाल्याला द्या.

आधी हिशोब बघा. हे इंजिन १९९९ च्या मॉडेलपासूनचं, ८५ एमएम बोअर (त्या भोकाचा व्यास), ७० एमएम स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर), ३९७ सीसी, एअर कूल्ड, चार व्हॉल्व्ह, कम्प्रेशन ९.१ (म्हणजे आत आलेलं मिश्रण तेवढ्या पट दाबलं जातं). बोअर ८७ केला की होतात ४१६ सीसी. म्हणजे वाढले फक्त १९, पाच टक्के पण नाही! ८९ केला तर ४३५ च्या आसपास, त्यालाच सगळे ४४० म्हणतात. मग ४१६ टाकल्यावर गाडी एवढी वेगळी का वाटते? तर खरं काम कम्प्रेशन करतं. स्टॉक इंजिनात पिस्टन वर आल्यावर साधारण ४९ सीसी जागा उरते, हेडला हात न लावता नुसता सपाट ८७ चा पिस्टन टाकला तरी कम्प्रेशन ९.५ च्या घरात जातं, आणि किटमधल्या पिस्टनला वर जो उंचवटा असतो तो त्यातली अजून सात-साडेसात सीसी खातो की झालं ११. त्यामुळे किट घेताना सगळे सीसी विचारतात, मी म्हणतो आधी कम्प्रेशन विचारा.

११ च्या कम्प्रेशनला साधं पेट्रोल चालत नाही, मिश्रण आपोआप पेटून ठोके पडतात, आणि एअर कूल्ड इंजिनात ते ठोके पिस्टनचं डोकं खाऊन टाकतात. प्रीमियमच भरायचं, ९१ किंवा ९३ ऑक्टेनचं. भारतातून नवीन आलेले इथे गोंधळतात, की आमच्याकडे तर साध्याला पण ९१ लिहिलेलं असायचं. तो आकडा रॉनचा (ऑक्टेन मोजायची एक पद्धत, मॉन ही दुसरी), इथल्या पंपावरचा आकडा म्हणजे रॉन आणि मॉनची सरासरी. आपलं ९१ म्हणजे इथलं साधारण ८७.

आता ४४० ला माझा विरोध का. सिलेंडरच्या आत जी बीडाची स्लीव्ह असते ती ८७ पर्यंत बोअर सहन करते, ८९ ला जायचं तर स्लीव्हच बदलावी लागते नाहीतर नवीन प्लेटिंगवाला (स्लीव्हऐवजी आत कडक मुलामा असलेला) सिलेंडर घ्यावा लागतो. भिंत जेवढी पातळ तेवढी ती तापल्यावर आकार सोडते, बोअर गोल राहत नाही, रिंगा नीट बसत नाहीत, तेल वर येतं, धूर सुरू. वर हेड गॅस्केटला बसायला जागा पण कमी उरते. रेसवाल्यांचं ठीक, ते इंजिन सारखं उघडतातच, पण ज्याला शनिवार-रविवारी मजेत फिरवायचीये आणि पुढच्या वर्षी पण तीच गाडी चालवायचीये त्याने कशाला एवढा खटाटोप करायचा.

मी कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरातल्या लेथचा आवाज ऐकत मोठा झालोय, त्यामुळे बोअरिंगच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. पिस्टन आधी विकत घ्यायचा, मग सिलेंडर आणि पिस्टन दोन्ही घेऊन शॉपमध्ये जायचं. नुसतं ८७ करून द्या असं कधीच सांगायचं नाही, कारण पिस्टनचं माप मायक्रोमीटरने घेऊन त्यात किटच्या कागदावर दिलेला क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली फट) मिळवूनच बोअर करायचा असतो. किटचे बरेचसे पिस्टन फोर्ज्ड (दाबून घडवलेले) असतात, कास्टपेक्षा (ओतीवपेक्षा) तापल्यावर जास्त फुलतात, म्हणून त्यांना फट थोडी जास्त ठेवावी लागते आणि सकाळी थंडीत स्टार्ट केल्यावर जरा खडखड होते, गरम झाली की थांबते. घाबरू नका.

होनिंग (बोअरनंतर दगडाने आतून बारीक घासणं) झालेला सिलेंडर घरी आला की तो स्वच्छ दिसतो पण नसतो. गरम पाणी, भांड्याचा साबण, ब्रश, दाबून घासायचा. सुकवून लगेच पांढऱ्या फडक्याला इंजिन ऑइल लावून आतून पुसायचं, फडक्यावर करडी रेघ येते, ती होनिंगच्या दगडाची पावडर. परत धुवा, परत पुसा, फडकं पांढरं निघेपर्यंत थांबायचं नाही. ही पावडर आत राहिली तर नवीन रिंगांची वाट लागलीच म्हणून समजा.

रिंग पाकिटातून काढून थेट पिस्टनवर चढवायची नाही. आधी बोअरमध्ये ठेवायची, पिस्टनच्या डोक्याने थोडी आत ढकलून सरळ करायची आणि टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची. ठोकताळा असा की बोअरच्या दर इंचाला चार थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ८७ एमएमला साधारण १४ थाउ, ०.३५ एमएम. कागदावर वेगळं दिलं असेल तर कागदाचं ऐकायचं. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअरला ओरबाडते. पिस्टन पिनच्या लॉक (पिन जागेवर धरणाऱ्या छोट्या कड्या) दर वेळी नवीन, आणि त्या बसवताना खाली क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबायचंच, लॉक उडून आत पडली की पुढचं सगळं उघडावं लागतं.

कार्ब्युरेटर तसाच ठेवून पळवू नका. मोठ्या पिस्टनने हवा जास्त ओढली, सोबत मोकळा सायलेन्सर पाइप आणि मोकळा एअरबॉक्स असेल तर अजून जास्त, पेट्रोल मात्र जुन्याच जेटमधून (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून) येणार, मग इंजिन लीन होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) तापणार. मेन जेट मोठ्या बाजूने सुरू करा, प्लग काळा आला तर एकेक नंबर खाली या. उलट्या बाजूने जाण्यात जोखीम आहे. ऑक्टोबरची थंड हवा दाट असते, जुलैमध्ये बरोबर लागलेलं जेट तेव्हा लीन होऊ शकतं, तिकडे लक्ष ठेवा.

आणि वाळू! लेक मिशिगनच्या काठावर सिल्व्हर लेकच्या टेकड्यांवर जे जातात (गाडीवर जमिनीपासून दहा फूट उंच झेंडा लावायला विसरू नका, त्याशिवाय आत सोडत नाहीत) त्यांना हे मी हात जोडून सांगतो. फोमचा एअर फिल्टर दर फेरीनंतर धुवायचा, तेल लावून पिळायचा, आणि एअरबॉक्सच्या कडेला ग्रीसचं बोट फिरवायचं. फिल्टरच्या मागे नळीत बोट घालून बघा, कचकच लागली तर आधी ते दुरुस्त करा, नवीन पिस्टन त्यानंतर, कारण ती वाळू नवा बोअर पण तसाच खाणार.

फरक कुठे जाणवतो विचाराल तर टॉप स्पीडला फारसा नाही. जाणवतो तो मधल्या आरपीएमला. मऊ वाळूत चढावर जिथे आधी दुसरा टाकावाच लागायचा तिथे तिसऱ्यात थ्रॉटल दिला की गाडी ओढत राहते, मागचं टायर खणत बसत नाही, मला तर याच्यासाठीच हा सगळा खर्च पटतो.

पहिल्यांदा सुरू केल्यावर गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा. मग चालवताना एकाच थ्रॉटलवर धरून ठेवू नका, उघडा-सोडा करत राहा, रिंगा त्यानेच बसतात. पहिलं ऑइल साधं मिनरल घाला, लवकर बदला, फिल्टर कापून आत काय चमकतंय का बघा, आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर परत तपासा. क्लचच्या स्प्रिंगा जुन्या असतील तर त्या पण याच वेळी बदलून टाका, वाढलेला जोर सगळ्यात आधी तिथेच घसरतो.