दोडक्याचं लग्न गोरज मुहूर्तावरच

लागला एकदाचा! काल सकाळी कापला आणि पट्टी लावून मोजला, 24 सेंटिमीटर. दोडक्याची मादी फुलं एकामागून एक गळतायत, हे जुलैमधलं माझं रडगाणं ज्यांनी वाचलंय, त्यांना एका दोडक्यासाठी मी घरभर पट्टी का शोधली ते कळेल.

वेल तोच, 15 बाय 15 इंची ग्रो बॅगेतला, जूनच्या पहिल्या आठवड्यात लावलेला. बारा पानांवर शेंडा खुडला, थ्री-जी कटिंग (शेंडे खुडत तिसऱ्या पिढीच्या फांद्या आणणं, म्हणजे मादी फुलं जास्त येतात) यथासांग झालं, माद्याही भरपूर आल्या. आणि एकेक करत अकरा गळल्या. प्रत्येकीची गत तीच. फुलामागचा बोटाएवढा दोडका टोकाकडून पिवळा पडायचा आणि तिसऱ्या दिवशी हात लावला की खाली.

तुम्ही सुचवलेलं सगळं करून पाहिलं. आंबट ताक फवारलं, एप्सम सॉल्ट दिलं, खत थांबवलं. मग मातीवर संशय. पावसाळ्यात मातीतलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) निम्म्यावर आणा हे मी आधीही बोंबलून सांगितलंय. मुंबईच्या जुलैत ते वाळतच नाही. शिवाय या वेळी ऑनलाइन मागवलेल्या गांडूळखताच्या पिशवीत निम्मी लाल मातीच निघाली. नाव घेत नाही, पण पुन्हा स्टेशनाबाहेरच्या नर्सरीवाल्याकडेच जाणार. तो घासाघीस करू देत नाही, पण खत खत असतं.

परागीभवनाकडे मात्र संशय गेलाच नाही, कारण ते मी स्वतः करत होतो. मुलुंडला अकराव्या मजल्यावर मधमाशी कुठली यायला! रोज सकाळी साडेसातला, डबा भरून होईपर्यंत, ब्रश घेऊन ग्रिलमध्ये उभा. कारल्याला दोन वर्षं हेच केलंय आणि कारली लागलीत.

मग तो मंगळवार. रुळांवर पाणी, गाड्या ठप्प, घरूनच काम. सहाच्या सुमारास चहा घेऊन गॅलरीत गेलो तर सकाळी घट्ट मिटलेली कळी सैल होऊन उमलत होती. शेजारी नरांचा अख्खा घोस पिवळाधमक. बोट लावलं तर बोटाला पिवळी भुकटी. अशी भुकटी मला सकाळी कधी दिसलीच नव्हती!

म्हणजे महिनाभर मी रात्रभर उघडी राहून दमलेल्या फुलांवर ब्रश फिरवत होतो. कारलं, काकडी, घोसाळं सकाळी फुलतात. दोडका आणि दुधी संध्याकाळी, पतंगांच्या वेळेला. धावत जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शिराळं (म्हणजे दोडकाच) तिन्हीसांजेलाच फुलतं. आमच्या परसात रोज बघायचो. विचारायचं होतंस." आता यावर काय बोलणार?

ब्रश दिला सोडून. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि थेट मादीवर टेकवून हलकेच फिरवायचं. पहिल्या दोन माद्या तरीही गेल्या, कारण अर्ध्या तासात पश्चिमेकडून झड आली आणि सगळं धुऊन गेलं. तेव्हापासून काम झालं की मादीवर चहाचा कागदी कप उपडा घालून चिमट्याने अडकवतो. त्यानंतरच्या पाचांपैकी तीन टिकल्या. टिकलेली दुसऱ्याच दिवशी कळते, देठ ताठ राहतो आणि रंग गडद होतो. कालचा दोडका नवव्या दिवशी काढला. भाजी चौघांत दोन-दोन घासच झाली, पण शिरांची चटणी! तीळ, सुकं खोबरं, लसूण, मंद आचेवर कुरकुरीत. अकरा गळलेल्या माद्यांचं सुतक तिथे फिटलं.

अडचण एकच, सहाला मी लोअर परळला असतो. घरी पोचायला सव्वाआठ. टॉर्च लावून दोन माद्या केल्या, एक लागली. एवढ्यावरून काही ठरवत नाही. सध्या ही जबाबदारी आईवर आहे. "चातुर्मासात कसली लग्नं लावायला सांगतोस?" म्हणते, पण बरोबर सहाला चष्मा लावून हजर.

बाकीचं पटकन. सुतळीची जाळी कुजली, आता काथ्या बांधलाय, तोच घ्या. अळू दांडगा झालाय. मिरचीवर पिठ्या ढेकूण परत आलाय, त्याच्याबद्दल बोलायची आज इच्छा नाही.

रिकाम्या बॅगेत दुसरा दोडका लावणार होतो, बी भिजतही घातलंय. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, तिथे घोसाळं का नको? ते सकाळी फुलतं, म्हणजे माझी साडेसातची वेळ जशीच्या तशी कामाला येईल. कोणाकडे घरचं बी असेल तर सांगा, रविवारी दादरला येतोय. भिजवलेलं दोडक्याचं बी कुणाला हवं असेल तर घेऊन येतो.

वर दोन माद्या उद्या उमलतील असं दिसतंय. तयार नर एकच आहे, आईला तसं सांगून ठेवलंय.