सोबत आलेली आज्जी

सोमवार म्हणजे आमच्याकडे बाजाराचा दिवस. बार्शीपासून तासाभरावरच्या ग्रामीण रुग्णालयात मी दातांची डॉक्टर आहे. त्या दिवशी ओपीडी दुप्पट भरते. दाढ काढायची, बाजार करायचा आणि दुपारच्या एसटीनं गाव गाठायचं, असा लोकांचा हिशेब असतो.

बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा खुर्चीत बसला. अक्कलदाढ ठणकत होती. 'आ कर' म्हटलं, तर तोंड पुरतं उघडेना. पट्टी लावली, २४ मिलिमीटर. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातात. याचं दुसरंच बोट अडकलं. गालाची आतली त्वचा पांढुरकी, बोट फिरवलं की उभ्या दोऱ्या लागत होत्या.

"शिट्टी वाजवता येते का रे?"

तो ओशाळून हसला. "आधी यायची. आता हवाच निसटती. आन् तिखट तर जिभेवर ठेववत न्हाई."

दिवसाला आठ-दहा मावा पुड्या. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण मावा टपरीवर समोरच घोटून मिळतो. सुपारी, चुना, तंबाखू. पोरांना वाटतं, तंबाखू वगळली की झालं. तोंड आवळतं ते मुख्यतः सुपारीनं. तिच्यामुळे त्वचेखाली तंतू साचत जातात आणि मऊ गाल चामड्यासारखा ताठ होतो. हे कॅन्सर नव्हे, पण असल्या तोंडात पुढं कॅन्सर होण्याची शक्यता वाढते, म्हणून आम्ही याला कर्करोगपूर्व अवस्था म्हणतो. मावा सुटला तरी साचलेलं सगळं विरघळत नाही. मी त्याला आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा जुडगा दिला. आज दातांत बारा काड्या बसल्या, आठवड्यानं तेरावी सरकवायची. हा आमचा गरिबांचा व्यायाम.

त्याची आज्जी पिशवी सांभाळत दाराशी उभी होती. मी पोराला रागावत होते, तर तिनं मला दुजोरा दिला. "सांगा बाई, सांगा. माझं ऐकत न्हाई." बोलताना दात दिसले. काळेभोर.

"आज्जी, मशेरी किती वेळा?"

"सकाळ-संध्याकाळ. न्हाई लावली तर पोट साफ व्हत न्हाई."

तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांना चोळायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती लावत होती. "बसा जरा खुर्चीत," म्हटलं तर म्हणाली, "मला काय झालंय? माझा तर केसपेपर बी न्हाई काढला."

गाल पाहिले, हिरड्या पाहिल्या. डाव्या गालात एक फिकट पांढरा चट्टा होता, या भागातल्या मशेरीवाल्या तोंडात नेहमी दिसतो तसा. मग गॉजनं जीभ धरून वर उचलली. जिभेखाली, डावीकडे, हरभऱ्याएवढा लाल डाग. मखमलीसारखा. गॉजनं पुसला, गेला नाही. कडक लागत नव्हता, मानेत गाठ नव्हती, जवळपास टोचणारा दात नव्हता. दुखतही नव्हता.

पांढऱ्या चट्ट्यांमधले पुष्कळसे वर्षानुवर्षं तसेच राहतात. लाल डाग क्वचित दिसतो, पण दिसला की पोटात गोळा येतो; तुकडा तपासला की त्यात बरेचदा पुढच्या पायरीचे बदल निघतात. पोराच्या ठणकणाऱ्या दाढेवर मी वीस मिनिटं घालवली होती आणि न दुखणारी बाई पिशवी धरून उभी होती.

रजिस्टर मागं चाळलं. अडीच महिन्यांपूर्वी हीच आज्जी माझ्याच खुर्चीत येऊन गेली होती. नोंद माझ्या अक्षरात: खालची डावी दाढ काढली. जीभ उचलून पाहिली होती का? नोंद नाही. आठवतही नाही. तोही सोमवारच होता.

त्याच दिवशी भूल देऊन तुकडा घेतला, फॉर्मालिनच्या बाटलीत टाकून पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला: तीव्र डिस्प्लेसिया. पेशी बिघडलेल्या, पण खालचा पडदा ओलांडलेला नाही. हे आज्जीला कसं सांगायचं? म्हटलं, "तण माजलंय, पण अजून बांधाच्या आत आहे."

"मंजी खुरपून निघंल."

"निघेल."

ती थोडा वेळ गप्प बसली. "हराळी असंल तर परत फुटती बरं का."

पॅथॉलॉजीच्या तासाला हे मला इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. "म्हणूनच दर तीन महिन्यांनी यायचं," मी म्हटलं.

बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात डाग भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसकट काढला. १९८७पासून या भागातल्या खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद तिथं ठेवली जाते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. आज्जीचं नाव त्या वहीत गेलं नाही.

आता आमच्या केसपेपरवर 'जीभ उचलून पाहिली' असा रबरी शिक्का आहे. मीच करून घेतला. कंपाउंडर हसतो.

आज्जी परवा तिसऱ्यांदा येऊन गेली. जखम भरलेली, डाग नाही. मशेरी सुटली म्हणते, बोटाकडं पाहून मला तेवढी खात्री वाटली नाही. नातू ऊसतोडीला कारखान्यावर गेलाय, तो काही आला नाही. जाताना तिनं पिशवीचं तोंड माझ्यासमोर धरलं.

"त्या काड्या द्या. चौदा बसत्यात म्हणून फोन आलावता. सोळा घाला, टोळीतल्या कुणाकडनं तरी धाडते."