गुलाबी रंगावर किती विसंबावे?

यवतमाळ जिल्ह्यातील कपाशीच्या गावांत फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांचे रक्त आणि लघवीचे नमुने गोळा करताना मला पहिला धडा मिळाला तो नमुने बर्फात जपण्याचा. ऑक्सिडेटिव्ह ताणाची, म्हणजे अतिक्रियाशील ऑक्सिजन-रेणूंमुळे पेशींना होणाऱ्या इजेची, खूण असलेले मॅलॉनडायअल्डिहाइड मोजण्यासाठी प्लाझ्मा (रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव) थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर सुमारे 95 अंश सेल्सियसला तापवतात आणि उमटलेला गुलाबी रंग 532 नॅनोमीटरवर वाचतात. परंतु इतर काही संयुगेही या आम्लाशी अभिक्रिया करतात, त्यामुळे केवळ त्या रंगावरून निष्कर्ष काढणे मला पटत नाही. एकदा खड्ड्यांच्या रस्त्याने आलेल्या नळीतला प्लाझ्मा तांबूस दिसला, म्हणजे पेशी फुटल्या होत्या. तो नमुना मी बाद केला.

लघवी त्या मानाने सोशिक. तिच्यात मेद अत्यल्प असल्याने बाटलीतच नवे आयसोप्रोस्टेन (मेदाच्या ऑक्सिडीकरणातून बनणारी, याच ताणाची दुसरी खूण) तयार होण्याची भीती फारशी नसते. प्लाझ्मा मात्र उणे 80 अंशांत ठेवावा लागतो. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाची लघवी दाट असते, म्हणून डीएनएला झालेल्या इजेची खूण असलेल्या 8-हायड्रॉक्सिडिऑक्सिग्वानोसिनचे प्रमाण क्रिएटिनिनच्या, म्हणजे लघवीतून बऱ्यापैकी स्थिर वेगाने बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पदार्थाच्या, तुलनेत मांडतात.

"काका, खर्रा खाता का?" हा प्रश्न मात्र माझ्या प्रश्नावलीत राहूनच गेला होता, आणि खर्र्यातल्या तंबाखूनेही हा ताण वाढत असल्याने संध्याकाळी वही घेऊन मी पुन्हा घरोघर फिरलो.