सिक (आजारपणाची रजा) टाकायचं असेल तर पहिल्याच सकाळी इएसआयला जा : माझा अनुभव

वाळूज एमआयडीसीत काम करणाऱ्यांसाठी लिहितोय, खास करून ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे आणि ज्यांचे दर महिन्याला पाऊण टक्का इएसआयला (कामगारांच्या सरकारी विम्याला) कापले जातात.

रजा घ्यायची की नाही, हे गोळी खाण्याआधी ठरवा. पॅरासिटॅमॉल घेतलं की चार-सहा तास ताप उतरतो आणि आपण बरे झालो असं वाटून शिफ्टला जातो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अंग पुन्हा तापतं. थर्मामीटर आधी लावा. १०१ च्या वर असेल, चक्कर येत असेल, जुलाब लागले असतील, तर जाऊच नका. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झापड येते. पॉवर प्रेसवर असणाऱ्याने तर अशा गोळीवर मशीनला हात लावू नये.

माझं अडलं ते तारखेवर. सोमवार ते बुधवार घरी पडून होतो, औषध गल्लीतल्या डॉक्टरांचं. गुरुवारी इएसआयच्या दवाखान्यात गेलो. घडी घातलेला कागद काचेखालून आत सरकवला, तो तसाच परत आला. "बाहेरची चिठ्ठी चालत नाही, मागची तारीख पडत नाही." डॉक्टर ज्या दिवशी तपासतात त्या दिवसापासूनच सर्टिफिकेट. ही एक ओळ केस पेपरच्या खिडकीवर लिहून लावायला काय जातं? रोज कितीतरी माणसं तापात तिथून परत फिरतात.

त्यावर दुसरा फटका असा, की आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा पैसा इएसआय देत नाही. तिसऱ्या दिवसापासून सरासरी रोजाच्या ७० टक्के मिळतात. रोज ६०० धरा, म्हणजे दिवसाला ४२०. मला रविवारपर्यंत सिक मिळालं. गुरुवार-शुक्रवार कापले गेले, उरले शनिवार-रविवार, ८४० रुपये. सोमवारीच गेलो असतो तर बुधवार ते रविवार पाच दिवसांचे २,१०० झाले असते. (रविवारही धरतात, ते बरं आहे.) बाराशे साठ रुपये नुसत्या तारखेपायी गेले. शाखा कार्यालय बाहेरच्या डॉक्टरांचा पुरावा मान्य करू शकतं, पण ते त्यांच्या मर्जीवर. त्या भरवशावर घरी बसू नका.

म्हणून एक-दोन दिवसांचंच दुखणं असेल तर इएसआयच्या पैशाचा विचार सोडा, कंपनीची सीएल (किरकोळ पगारी रजा) टाका. लांबेल असं वाटत असेल तर पहिल्याच दिवशी रांगेत लागा. कापलेल्या दोन दिवसांना सीएल लावता येते. मात्र ज्या दिवसाची पगारी रजा घेतली, त्याच दिवसाचा इएसआयकडे दावा करायचा नाही.

आधी सांगायचं राहिलं : ७८ दिवसांचा हिशेब बघून ठेवा. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये इएसआय कापला गेलेले ७८ दिवस भरले असतील तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये पैसे मिळतात. ऑक्टोबर ते मार्चचे दिवस जुलै ते डिसेंबरसाठी. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार आपला नवा विमा नंबर काढतो आणि जुने दिवस वेगळ्या खात्यात पडून राहतात. जुना दहा आकडी नंबर पहिल्याच दिवशी त्याच्या हातात द्या.

बरं वाटलं म्हणून थेट पंचिंग करू नका. फिटचं सर्टिफिकेट घ्या, त्यावरच्या तारखेलाच कामावर जा. नाहीतर हजेरी आणि सिक एकाच दिवशी दिसतात आणि दावा अडकतो.

आणि ताप उलटला तर घाबरू नका. पैसे मिळालेल्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा सिक घ्यावं लागलं, तर ते दोन दिवस परत कापत नाहीत. खिडकीवर हे आपणहून कुणी सांगत नाही, जुनी चिठ्ठी सोबत न्या आणि दाखवा.