रिजेक्ट न करता येणारा जॉब

शनिवार, रात्री

एल्ब्लाँगला येऊन आज सहा दिवस झाले. टर्बाइनच्या एका इन्स्पेक्शनसाठी पाठवलंय, तीन आठवड्यांचं काम, आणि आत्तापर्यंत हॉटेल ते फॅक्टरी, फॅक्टरी ते हॉटेल यापलीकडे पोलंड नावाचा देश मी काही बघितलेला नाही. ट्राममधून जाताना मात्र रोज एका हिरवळीवर काहीतरी काळं, जाड पत्र्याचं, दोन माणसं उंच उभं दिसायचं आणि दरवेळी मला वाटायचं की कुणीतरी स्क्रॅप उचलायचं विसरलंय.

आज सुट्टी होती म्हणून चालत गेलो. तर ते स्क्रॅपच निघालं, म्हणजे एकेकाळचं. प्लेटचे तुकडे, कटिंग करून उरलेल्या पट्ट्या, एकमेकांना वेल्ड करून उभे केलेले. शिल्प आहे. पुढे गेलो तर अजून एक, मग रस्त्याच्या कडेला एक, मग बिल्डिंगांच्या मधल्या गवतावर एक, एका बाईने त्याच्या शेजारच्या बाकावर पिशव्या ठेवल्या होत्या आणि ती निवांत फोनवर बोलत होती, मागे तो सांगाडा उभा आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

आता शिल्पासमोर गेल्यावर माणूस काय करतो? चार पावलं मागे जातो, मान तिरकी करतो. मी गुडघ्यावर बसलो आणि जॉइंट बघायला लागलो. जित्याची खोड. खिशात टॉर्च होताच. पेंटचे एकावर एक थर चढलेत पण वेल्ड लपत नाही, बीड, म्हणजे वितळून बसलेल्या धातूची ओळ, दिसते. एका बाजूला चांगला बोटभर लांब अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेला प्लेट खाल्ली गेलेली चर, खालच्या अंगाला उडालेले थेंब, स्पॅटर, तसाच, कुणी चिजल लावलेली नाही, आणि रॉड संपून दुसरा लावला तिथला खड्डा भरलेलाच नाही. मनातल्या मनात मी रिपोर्ट लिहायला लागलो, आणि मधेच थांबलो, कारण रिजेक्ट करायचं तर कशाच्या आधारावर? ह्याच्यावर लोड काय? स्वतःचं वजन आणि वारा, आणि सुट्टीच्या दिवशी लोंबकळणारी चार पोरं. ड्रॉइंग नाही, टॉलरन्स नाही, पास-नापास ठरवणारा कोड नाही. वीस वर्षांत असा जॉब समोर आला नव्हता की ज्याला पास पण म्हणता येत नाही आणि नापास पण.

तासभर तिथेच होतो. पाय दुखतायत.

रविवार

सकाळपासून पाऊस, म्हणून रूमवर बसून वाचत बसलो. हे सगळं निघालं १९६५ चं. ह्या गावात शिखाऊ नावाच्या कंपनीचा जुना मोठा कारखाना होता, जर्मन काळातला, तेव्हा गावाचं नाव एल्बिंग, तिथे इंजिनं आणि जहाजं बनायची. युद्धानंतर गाव पोलंडकडे आलं आणि त्याच कारखान्याचं झालं झामेख, टर्बाइन आणि जहाजांचे प्रोपेलर बनवणारं. जुनं गाव मात्र १९४५ मध्ये जवळपास सगळंच पडलं होतं, आणि ते लगेच बांधलं नाही, मधला भाग कित्येक वर्षं मोकळाच होता, १९८० च्या दशकात कुठे नीट बांधायला सुरुवात झाली. म्हणजे १९६५ मध्ये इथे कारखाना धडधडत होता, नवीन सरळसोट बिल्डिंगा उभ्या राहत होत्या आणि जिथे गावाचा मध्य असायला हवा तिथे गवत. हे वाचलं तेव्हा कालची शिल्पं मला एकदम वेगळी दिसायला लागली, कारण ती कुठल्या चौकाची शोभा वाढवायला लावलेली नव्हती, चौकच नव्हता.

झामेखमध्ये गेरार्द क्व्यात्कोव्स्की नावाचा एक चित्रकार नोकरीला होता. कारखान्यांमध्ये बोर्ड, पोस्टर, सजावट करायला एक माणूस ठेवायचे ना, तसला. ह्या बाबाने १९६१ मध्ये युद्धात मोडलेल्या एका जुन्या चर्चमध्ये गॅलरी काढली, गॅलेरिया एल. ती अजून आहे. आणि चार वर्षांनी त्याने, सोबत मारियान बोगुश वगैरे मंडळी होतीच, देशभरातले कलाकार गोळा करून बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायचं कलाप्रदर्शन, भरवलं, अवकाशातल्या आकारांचं म्हणजे मोकळ्या जागेत उभं राहणाऱ्या आकारांचं. स्टील कारखान्याचं, मशिनी कारखान्याच्या, वेल्डर कारखान्याचे. कलाकार स्केच किंवा छोटं मॉडेल घेऊन यायचा आणि कामगार ते कापून, जोडून उभं करायचे. एका उन्हाळ्यात चाळीसेक शिल्पं! आमच्याकडे एका बेसफ्रेमचं ड्रॉइंग अप्रूव्ह व्हायला उन्हाळा जातो.

त्यात माग्दालेना अबाकानोविचचं पण एक आहे. ती बाई जगाला माहितीये ती तिच्या विणलेल्या प्रचंड कामांसाठी, सिसालच्या, म्हणजे घायपातासारख्या झाडाच्या जाड धाग्याच्या, दोरांचे माणसापेक्षा मोठे लोंबते आकार. त्याच वर्षी, १९६५ मध्येच, तिला साओ पाउलोच्या बिएनालेत सुवर्णपदक मिळालं ते विणकामालाच. आणि इकडे ती वेल्डरसमोर उभी राहून प्लेटी जुळवून घेत होती. मला हे चित्र फार आवडलं. धागा चुकला तर उसवता येतो, वेल्ड चुकला तर गाउज करावा, म्हणजे खरवडून काढावा लागतो, आवाज आणि धूर आणि समोरच्याच्या शिव्या. तिला कुणी काय म्हणालं असेल कोण जाणे, पण आमच्या लाइनमधला एक तरी म्हणाला असणार की मॅडम, हे असं उभं राहणार नाही, मागून आधाराला एक स्टिफनर घ्या.

दुपारी बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबा पस्तीस वर्षं वेल्डर होते, आता डोळ्यांनी कमी दिसतं पण मोबाइलवरचा फोटो नाकाला लावून बघतात. कालचे फोटो पाठवले होते.

"कुणी केलंय?" पहिला प्रश्न.

मी कलाकाराचं नाव सांगितलं.

"तो नाही रे. वेल्ड कुणाचा?"

गप्प बसलो. दिवसभर वाचलेल्यात कलाकारांची यादी होती, समीक्षकांची होती.

मग बाबांनी स्वतःच सुरू केलं. हे वरचं उभ्याने मारलंय, खालून वर नेलाय, हात चांगला आहे. हे खालचं दुसऱ्याने केलंय, घाईत होता, शिफ्ट संपत आली असणार. आणि हा जो डावीकडचा जॉइंट आहे ना, हा माणूस डावखुरा होता. मी म्हणलं बाबा, साठ वर्षांच्या पेंटखालून तुम्हाला डावखुरा दिसतो? तर म्हणे वेल्डवरच्या लहरी कुठल्या बाजूला झुकल्यात बघ. फोटो झूम करून बघितलं. झुकल्या तर आहेत. पण तेवढ्यावरून डावखुरा म्हणणं मला पटलं नाही, जागा अडचणीची असली की उजवा माणूस पण उलटा फिरतो. बाबांशी वाद घातला नाही.

रात्री, झोप येत नाही

बाबांच्या त्या प्रश्नावरून भलतीकडेच वाचत गेलो. शिकागोत पिकासोचं मोठं शिल्प आहे, १९६७ चं, पंधरा मीटर उंच, दीडशे टनाच्या आसपास. पिकासो शिकागोला गेलाच नाही कधी. त्याने मॉडेल पाठवलं, आणि शिल्प बनलं गॅरीत, म्हणजे शेजारच्या पक्क्या स्टीलच्या गावात, पूल बनवणाऱ्या कंपनीच्या शॉपमध्ये, नंतर तुकडे सुटे करून शिकागोत आणून परत उभे केले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण शेळ्या नीट पोचल्या हे पण खरं. त्याने मानधन नाकारलं, शिल्प शहराला देऊन टाकलं, लोकांनी आधी नाकं मुरडली, आता त्याच्या उतरत्या पायावरून पोरं घसरगुंडी खेळतात.

आणि ह्याच्या बरोबर उलटा अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ. हा गडी स्वतःच कामगार, तरुणपणी स्टुडबेकरच्या गाड्यांच्या कारखान्यात रिव्हेट मारायचा, युद्धाच्या काळात इंजिनं आणि रणगाडे बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर. १९६२ मध्ये त्याला इटलीला बोलावलं, स्पोलेतो गावात रस्त्यारस्त्यांवर शिल्पं मांडायची होती, म्हणाले एखाददुसरं करून द्या. वोल्त्रीचा एक बंद पडलेला पोलाद कारखाना दिला आणि हाताखाली कामगार. ह्याने तीस दिवसांत सत्तावीस केली. तिथेच पडलेले चिमटे, चाकं, पत्र्याच्या कडा, जे सापडेल त्यातून. मला कळतंय त्याला काय झालं असेल. बंद शॉपमध्ये पाय टाकला की अवजारं जिथे टाकून लोक शेवटच्या शिफ्टला घरी गेले तिथेच पडलेली असतात, हात शिवशिवतातच. मी एकदा तसल्या शॉपमध्ये मशिनींची यादी करायला गेलो होतो, एका बेंचवर अर्धा घासलेला जॉब व्हाइसमध्येच अडकवलेला होता. तो मी काढून बाजूला ठेवला, का ते सांगता येत नाही.

रिचर्ड सेरा ह्या दुसऱ्या अमेरिकन शिल्पकाराने पण कॉलेजचा खर्च भागवायला स्टील मिलमध्ये कामं केली होती. आणि त्याचंच न्यूयॉर्कमधलं साडेछत्तीस मीटर लांब वाकडी भिंत असलेलं शिल्प, टिल्टेड आर्क, १९८१ मध्ये बसवलं आणि १९८९ मध्ये तोडून काढलं, कारण आजूबाजूच्या ऑफिसातल्या लोकांना रोज त्याला वळसा घालून जावं लागायचं. ह्या प्रकरणात मी कलाकाराच्या बाजूने आहे की कारकुनांच्या हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रोज आठ वर्षं वळसा म्हणजे काही कमी नाही. पण ती भिंत झुकलेली असून आधाराशिवाय उभी होती आणि वजन त्र्याहत्तर टन, असं काही समोर असताना मी तर रोज मुद्दाम तिकडूनच गेलो असतो.

दीड वाजला. सकाळी सहाला बस.

मंगळवार

आज शिफ्टनंतर परत गेलो. पाऊस नुकताच थांबला होता, आणि मला तेच हवं होतं, पाणी कुठे साचतं ते बघायचं होतं. बाहेर ठेवलेल्या स्टीलचं सगळं नशीब त्यावर. उघडा सपाट पत्रा इतका लवकर मरत नाही, तो भिजतो आणि वाळतो. मरतं ते एकावर एक ठेवलेल्या दोन प्लेटींच्या फटीत, बॉक्सच्या आतल्या तळाला, आणि पाय जिथे काँक्रीटमध्ये शिरतो त्या रेषेवर. बाहेरून पेंट टकाटक आणि आतून चाळण.

ह्यावर उपाय म्हणून लोक कॉर्टेन स्टील सांगतात. अमेरिकेत १९३० च्या दशकात आलेलं, थोडं तांबं, क्रोमियम, निकेल घातलेलं, ते वरून गंजतं आणि तोच गंज घट्ट बसून आतल्याला सांभाळतो, पेंट नको. शिकागोचा पिकासो त्याचाच. इंग्लंडमधल्या गेट्सहेडला जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर अँटनी गॉर्मलीचा एंजल ऑफ द नॉर्थ आहे तोही, १९९८ चा, वीस मीटर उंच, पंख चोपन्न मीटर, दोनशे टन. त्याचा तपकिरी रंग फोटोत बघून लोक हळहळतात की अरेरे गंजलंय. पण कॉर्टेनला सुद्धा ओलं झाल्यावर वाळायला मिळालं पाहिजे, पाणी साचून राहिलं तर ते पण साध्या लोखंडासारखंच खात सुटतं. आणि एंजलची खरी गंमत जमिनीखाली आहे, वाऱ्यासाठी काँक्रीटचे पाइल्स, म्हणजे पायाचे खांब, वीस मीटर खाली खडकापर्यंत नेलेत, जेवढा वर तेवढाच खाली. एवढे मोठे पंख म्हणजे शीडच, ताशी १६० किलोमीटरचा वारा धरलाय डिझाइनला. इथे मात्र निकष आहेत. तिथे मी असतो तर पायाखालच्या फूटप्लेटचा प्रत्येक वेल्ड अल्ट्रासॉनिकने, म्हणजे ध्वनिलहरींनी, तपासला असता आणि सुखाने झोपलो असतो.

इथली बिचारी साध्या स्टीलची, पेंटच्या भरवशावर. दर काही वर्षांनी घासायचं, प्रायमर, दोन हात पेंट. ज्याला हे काम लागतं त्याला शिल्पकार म्हणत नाहीत पण साठ वर्षं टिकवणारा तोच आहे. काही ठिकाणी इतके थर झालेत की कडा गोल झाल्यात, मूळची गॅसकटिंगची धार बोटाला लागतच नाही.

तर पाणी शोधत होतो. शनिवारच्याच त्या शिल्पाला मागच्या बाजूला एक खोबणीसारखी जागा आहे, तीन प्लेटी मिळून वाटीसारखा आकार होतो, वरून उघडा. म्हणलं सापडलं, इथे साचत असणार, आत हात घातला तर कोरडं. म्हणजे ओलं होतं पण पाणी नव्हतं. खालून टॉर्च मारला. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक भोक, करंगळी जेमतेम जाईल एवढं, पाणी निघून जायला, ड्रेन होल. कडेने पेंट आत गेलेला, म्हणजे काल-परवाचं नाही.

फोटो काढून बाबांना पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही. दहा मिनिटांत फोन.

"हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं."

म्हणलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"वाकडं आहे ना भोक. बेंचवर केलं असतं तर सरळ आलं असतं. हे उभं केल्यावर पाडलंय, खाली झोपून, हँड ड्रिलने. पाऊस पडून गेल्यावर कुणीतरी परत आलेला दिसतोय."

मग त्यांनी विचारलं की तिकडे थंडी किती आहे, डोळ्यात थेंब घातले का नाही ते मी विचारलं, आणि ठेवला फोन.

येताना ट्राम चुकली म्हणून चालतच आलो. उद्या टर्बाइनची शेवटची केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, आहे, टॉर्चचे सेल बदलायचेत.