पार्ल्याची मी आणि पार्लची शाळा

"मराठी शाळांचा विषय निघाला की तुम्ही दरवेळी त्या आफ्रिकेतल्या शाळेचं नाव काढता. असं काय आहे तिथे?" आमच्या पालकगटात हे मला अनेकदा ऐकावं लागतं. परवा तर रिक्षाच्या रांगेत एका बाईंनी थांबवून विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

मी मूळची पार्ल्याची. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं दक्षिण आफ्रिकेत पार्ल नावाच्या गावी राहिलो. केपटाऊनपासून साठेक किलोमीटरवर, बर्ग नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांनी वेढलेलं हे गाव. मागच्या डोंगरावरचे ग्रॅनाइटचे खडक पावसानंतर उन्हात चमकतात, म्हणून डचांनी त्याला 'मोती' म्हटलं, तोच पार्ल. क्रिकेटवेड्यांना नाव ओळखीचं असेल. २००१ साली केनियाविरुद्ध सचिन आणि गांगुलीने २५८ धावांची सलामी दिली ती इथेच.

आमच्या शेजारचा मुलगा पार्ल जिमनेशियममध्ये शिकत होता. नाव ऐकून मला आधी व्यायामशाळाच वाटली! पण हे सरकारी हायस्कूल आहे, मुलामुलींचं, आफ्रिकान्स माध्यमाचं. आफ्रिकान्स म्हणजे डचमधून तिथेच घडलेली भाषा. गावात सगळे त्याला नुसतं 'खिम' म्हणतात, कारण आफ्रिकान्समध्ये 'ग' घशातून खरवडून 'ख'सारखा काढतात. तो मुलगा मला 'तान्नी' म्हणायचा, यजमानांना 'ओम'. मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची नाही, काका किंवा मावशी म्हणायचं, ही तिथली रीत. पहिल्यांदा कुंपणापलीकडून "तान्नी!" ऐकलं तेव्हा मला घरच्यासारखं वाटलं होतं.

ही शाळा १८५८ ची. केपवर, म्हणजे केपटाऊन आणि भोवतालच्या मुलखावर, इंग्रजांचं राज्य होतं आणि शिकलेल्या घरांतून इंग्रजी शिरत होती. त्या लाटेत मुलांची भाषा आणि धर्म वाहून जाऊ नये म्हणून इथले डच चर्चचे धर्मगुरू फान डेर लिंगेन यांनी शाळा उभी केली. भाषा म्हणजे तेव्हा डच. आफ्रिकान्सला 'कोम्बेसताल' म्हणायचे, म्हणजे स्वयंपाकघरातली बोली. गुलाम, तिथले मूळचे खोइ लोक, मलाया-जावाकडून आणलेली माणसं आणि डच शेतकरी यांच्या तोंडी घडलेली ही भाषा. केपच्या मदरशांतली मुलं ती अरबी लिपीत लिहायची, पण प्रतिष्ठितांच्या लेखी ती भाषाच नव्हती.

१८६६ साली आर्नोल्डस पानेविस नावाचे डच मास्तर या शाळेत ग्रीक-लॅटिनसारख्या अभिजात भाषा शिकवायला आले. आपले विद्यार्थी घरी जे बोलतात ते डच नाही, ही वेगळीच भाषा आहे, हे त्यांनी ओळखलं. परक्या देशातून आलेल्या मास्तरांना जे ऐकू आलं ते गावच्या शहाण्यांना ऐकू येत नव्हतं, याचं मला फार वाटतं. या भाषेत बायबल हवं म्हणून त्यांनी खटपट केली, पण बायबल सोसायटीने नकार दिला. मग १८७५ च्या ऑगस्टमध्ये पार्लमधल्याच एका घरात मूठभर माणसं जमली आणि आफ्रिकान्ससाठी पहिली संस्था काढली. त्यांच्यातले एस. जे. दु तॉय याच शाळेत शिकलेले. पुढच्या जानेवारीत त्यांचं वर्तमानपत्रही निघालं. १९२५ साली आफ्रिकान्स राजभाषा झाली आणि १९३३ साली अख्खं बायबल आलं.

पण मला शाळा कळली ती ऑगस्टमधल्या त्या शनिवारी. गावात दुसरी जुनी शाळा आहे, १८६८ ची पार्ल बॉइज हाय. लोक तिला 'बॉइसहाय' म्हणतात, इंग्रजी नाव आफ्रिकान्स कानाने ऐकलेलं. या दोन शाळांचा वर्षातून एकदा रग्बीचा सामना होतो, त्याला 'इंटरस्कोले' म्हणतात. आठवडाभर आधीपासून पोरं गाण्यांचा सराव करतात. शेजारच्या पोराचा आवाज गुरुवारीच बसला होता, घशाला मफलर गुंडाळून तो खुणांनी बोलत होता. शनिवारी पहाटे त्याच्या आईने डब्यात बिस्केत भरले. हे आपल्या टोस्टसारखे कडक असतात, कॉफीत बुडवून खायचे. आजोबांनी शाळेचा जुना टाय बांधला. तिथे ऑगस्टात हिवाळा, थंडी मी म्हणत होती. सकाळपासून लहान वर्गांचे सामने आणि मुख्य संघाचा सामना शेवटी. हजारो माणसं. नातू आणि आजोबा एकच गाणं म्हणत होते, शब्द न चुकता. २०१९ च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेसाठी २२ गुण मिळवणारा हांद्रे पोलार्ड याच शाळेचा. पण मी पाहत राहिले ते त्या आजोबांकडे. आमच्या शाळेचं गाणं मला शेवटचं कधी कोणी म्हणायला सांगितलं होतं?

एवढंच सांगून थांबले तर मात्र ते खोटं होईल. पार्लच्या डोंगरावर आफ्रिकान्सचं भव्य स्मारक आहे, ऑक्टोबर १९७५ मध्ये उघडलेलं. त्यानंतर आठ महिन्यांनी, १६ जून १९७६ ला, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली शाळकरी मुलं रस्त्यावर आली. कृष्णवर्णीयांच्या शाळांत अर्धे विषय आफ्रिकान्समधून शिकवायची सक्ती झाली होती. पोलिसांनी त्या मुलांवर गोळ्या झाडल्या. जी भाषा स्वयंपाकघरातली म्हणून हिणवली गेली, तीच सरकारच्या हातात गेल्यावर कोवळ्या पोरांच्या जिवावर उठली.

आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्यावर एक बाई असायची, नदीपलीकडच्या पूर्व पार्लची. तिची आफ्रिकान्स माझ्या शेजाऱ्यांपेक्षा ठसकेबाज. तिचं बालपण वर्णभेदाच्या काळातलं. भाषा तीच, पण गोऱ्यांच्या शाळेचं फाटक तिला बंद होतं. आज तसा कायदा नाही, तरी फी आहे, अंतर आहे आणि माध्यमावरून वाद चालूच आहेत. १९९६ च्या कायद्याने माध्यम ठरवायचा हक्क पालकांचं बहुमत असलेल्या शाळा समितीला दिला होता. २०२४ च्या कायद्याने शेवटचा शब्द प्रांताच्या शिक्षण खात्याकडे गेला. माझे शेजारी त्यामुळे धास्तावले. त्यांची धास्ती मला समजते, आणि गल्ल्यावरच्या त्या बाईचं दुखणंही.

यंदा आमच्या मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनाला माजी विद्यार्थ्यांसाठी सकाळी पोहे आणि चहा ठेवलाय. शाळेचं गाणं छापून वाटणार आहोत. आणि मैदानामागच्या वस्तीत, जिथे बऱ्याच घरांत भोजपुरी नाहीतर कन्नड बोलतात, तिथल्या आयांना बोलावणं करायला मी येत्या रविवारी जाणार आहे. तुम्हीही या बरोबर.